पाखडता न येणाऱ्या मॅडमचं सूप

मी सूप बोलतोय. बांबूचं, धान पाखडायचं, गोंदिया जिल्ह्यातलं. सध्या मुक्काम कंबोडिया. हसू नका, विमानात बसलेलं दुसरं सूप आधी शोधून आणा, मग हसा.

माझा जन्म चिचगडचा. दुधरामने जंगलातला बांबू सोलून मला विणलं. अनुसयाबाईंचं माहेर तिथलं. त्यांनी मला ठोकून, वाकवून पाहिलं आणि बोदलकसा तलावाजवळच्या आपल्या गावी आणलं. फटी बुजवायला मेथी-कागदाचा लगदा फासला. बाईंचा हात म्हणजे काय सांगू! कोंडा पुढे उडायचा, दाणा मागे सरकायचा, आणि तोंडाने शेजारणीशी गप्पा चालूच. असा हात लाभल्यावर मी जरा गर्विष्ठ झालो, हे कबूल आहे.

त्यांची मुलगी दुर्गेश्वरी. तिने मला उचललं की बाई ओरडायच्या, "ठेव त्याले! मी पाखडून राहिली न! तू पुस्तक घे."

पोरीचा जन्म आपल्यासारखा कोंड्यात जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. पोरगी इंग्रजी शिकली, गोंदियात शिकवू लागली आणि एक दिवस कंबोडियातल्या एका भाषाशाळेची नोकरी मिळवून घरी आली.

निघायच्या दिवशी बाईंनी मला साडीत गुंडाळून बॅगेत कोंबलं. दुर्गेश्वरीचे वडील केशोराव वैतागले. "विमानात हे कायले? तिथं तांदूळ पाकिटात भेटते."

"खडे राहिले त?" बाई म्हणाल्या. मग लेकीला बजावलं, "तू नोको पाखडू. कोणाकडून पाखडून घेजो."

परदेशात माझी जागा फ्रिजच्या मागे. सुरुवातीला माझ्यावर कांदे होते, पुढे धूळ. तक्रार कोणाकडे करणार, पोरीचंच धड चाललं नव्हतं.

तिच्याकडे संध्याकाळचा मोठ्या माणसांचा वर्ग होता. हॉटेलात स्वयंपाक करणारी सोखा, रिक्षावाले, दुकानातल्या मुली. भली माणसं. हात जोडून नमस्कार करायची, सगळं वहीत उतरवायची, पण तोंड म्हणून उघडायची नाहीत. मास्तरणीपुढे चूक झाली तर लाज जाईल, ही भीती. गोंदियात कोणी अडलं की दुर्गेश्वरी पटकन हिंदीत समजावायची, मराठीत समजावायची. इथे तो आधारच नाही. तिला त्यांची भाषा येईना, त्यांना तिची. शाळेने दिलेल्या चित्रांत बर्फ, शेकोटी आणि स्ट्रॉबेरी. भाताच्या शेतांमध्ये वाढलेल्या माणसांनी त्यावर काय बोलायचं?

तीन महिन्यांत वर्ग बोलता झाला नाही तर परत जायचं, असं ठरलेलं होतं. संचालक तपासणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी ती जेवली नाही. आईला फोनवर मात्र "सगळं मस्त सुरू आहे" म्हणाली. फोन ठेवून ती कांदा घ्यायला वाकली, तेव्हा मी तिच्या नजरेस पडलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात. संचालक मागच्या बाकावर. सगळे माझ्याकडे टकमक पाहू लागले. इकडची सुपं गोल असतात, मी एका बाजूने उघडा. दुर्गेश्वरीने माझ्यात तांदूळ ओतले आणि आईसारखा झोकात झटका दिला.

अहो, काय सांगू! अर्धे तांदूळ जमिनीवर, उरलेले संचालकांच्या अंगावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल.

आणि मग सोखा उठली. "नो, टीचर! नो! हँड डाऊन!"

रिक्षावाला म्हणाला, "स्लो, स्लो!" दुकानातली मुलगी त्याला म्हणाली, "यू डोन्ट नो! माय मदर डू लाइक दिस!" मग सगळेच माझ्याभोवती. कोणी तिचं मनगट धरतंय, कोणी मला ओढतंय, आणि भांडण सगळं इंग्रजीत, कारण मॅडमना समजलं पाहिजे ना! मोडकंतोडकं, पण भरभरून. इतके दिवस त्यांना चुकायची भीती होती. आज मॅडमच सगळ्यांदेखत चुकल्या होत्या. संचालक कॉलरमधले तांदूळ वेचत हसत होते. नोकरी टिकली.

आता प्रत्येक नव्या वर्गात मी जातो. माझी कड उसवली होती, ती सोखाने मासे धरायच्या दोरीने बांधून दिली. परवा वर्गातूनच लावलेल्या व्हिडिओ कॉलवर बाईंनी तांदळाचा सडा पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. "मायंच चुकलं वं बाई. तुले शिकवाले पाहिजे होतं. लोकं हसून राहिले तुले."

दुर्गेश्वरी नुसती हसली. तिने काही सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

रविवारी खोलीत ती एकटी असते. दार लावते, मला फ्रिजमागून काढते, तांदूळ घेते. कोंडा पुढे उडतो, दाणा मागे सरकतो. सरावाने आता एक दाणा खाली पडत नाही. हुबेहूब अनुसयाबाईंचा हात. सोमवारी नवा वर्ग गप्प बसलेला असतो आणि ती पुन्हा सगळे तांदूळ सांडते.

मी सूप आहे, मला सांडणं आवडत नाही. तरी सोमवारी मी निमूट सांडू देतो. तुम्हीही त्या वर्गात कोणाला सांगू नका. फक्त बोदलकशाकडे जाणारं कोणी असेल, तर अनुसयाबाईंना तेवढं कळवा.