टेरीसाहेब

टॉवेलच्या टेरी कापडाला टेरी का म्हणतात, असं भाचीनं लहानपणी विचारलं तेव्हा आत्यानं बेधडक सांगून टाकलं होतं, "टेरी नावाचा कुणी साहेब होता. त्यानंच काढलं ते." टॉवेलच्या गिरणीत सगळे असंच सांगायचे. आत्या मागावर हेच कापड विणायची, मग तिच्या शब्दावर शंका कोण घेणार?

आईवेगळ्या भाचीला आत्यानंच वाढवलं. पोरगी भाषा शिकली आणि रेडिओवर शब्दांच्या गोष्टी सांगू लागली. एक दिवस तिचा फोन आला.

"आत्या, उद्या जेवणाच्या सुट्टीत ऐक. टेरीवर बोलणार आहे. तो साहेब काही मला सापडला नाही गं."

भाचीचा कार्यक्रम ऐका म्हणून आत्या कधीच गिरणीभर सांगून बसली होती. आता सगळ्यांसमोर शोभा होणार.

दुसऱ्या दिवशी डबे उघडून सगळे रेडिओभोवती बसले. भाचीचा आवाज आला.

"या शब्दाचं मूळ नक्की कुणालाच ठाऊक नाही. 'ओढलेलं' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तो आला असावा, असं बरेच जण मानतात. आता कापडात ओढलेलं काय असतं? गेल्या सुट्टीत मी आत्याला विचारलं, मागाशिवाय हे हातानं कसं विणशील? तिनं खुर्चीच्या पायांना उभे दोरे ताणून बांधले. विणता विणता मधूनच एकेक दोरा विणायच्या सुईवरून वर ओढला. सुई उपसली तर दोऱ्याच्या छोट्या फासांची रांग उभी! टॉवेल पाणी टिपतो तो या फासांमुळे. तो शब्द मला माझ्या आत्याच्या बोटांत दिसला."

आत्यानं हातातला घास तसाच डब्यात ठेवला. डोळे भरून आले होते, पण ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

मुकादम म्हणाला, "म्हणजे साहेब गेला म्हणायचा."

"गेला," आत्या म्हणाली. "यापुढे कुणी विचारलं तर 'ओढलेलं' म्हणून सांगा. आणि आधी 'बहुतेक' म्हणायचं. माझी भाची अभ्यास करून बोलते, आपल्यासारखी ठोकून देत नाही."

संध्याकाळी भाचीनं भीत भीत फोन केला. "रागावलीस?"

"रागवू कशाला? साऱ्या जगाला माझे हात दाखवलेस," आत्या म्हणाली. "ती खुर्ची डुगडुगते, तेवढं सांगितलं नाहीस, ते बरं केलंस."