राख पडेपर्यंत

बायको गेल्याचं मास्तरांना कळलं, तेव्हा त्यांच्या बोटांत क्युबन सिगार होती.

सिगारच्या दुकानामागच्या खोलीत बसून ते तीन डब्यांतल्या तीन सिगारी आळीपाळीने ओढत. कड सारखी जळते का, राख किती लांब टिकते, चव कुठे पालटते, ते वहीत लिहीत. अठरा वर्षं हेच काम. मालकांचा नियम एकच: सिगार पेटली की राख आपणहून पडेपर्यंत दार उघडायचं नाही. वारा शिरला की परीक्षा फुकट.

त्या दुपारी राख पडली आणि दार उघडलं. दारात काउंटरवरच्या बाई रडत उभ्या होत्या.

"मास्तर, वहिनी गेल्या हो. तुमच्या समोरच्या काकूंचे चार फोन आले. पहिल्या फोनला नुसती चक्कर होती. मी तेव्हाच दार ठोठावायला निघाले, तर मालकांनी अडवलं. म्हणाले, राख पडू दे, मग सांग."

चौथ्या दिवशी मालक भेटायला आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले.

"मनाला लावून घेऊ नका. दार पाच मिनिटं आधी उघडलं असतं, तरी काय फरक पडला असता? तुम्ही थोडेच डॉक्टर?"

मालक गेल्यावर मास्तर त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "हात धरला असता तिचा."

समोरच्या काकू शेवटपर्यंत तिच्यापाशी होत्या. "तुमच्यासाठी काही बोलली आहे ती," त्या म्हणाल्या. "विचाराल तेव्हा सांगेन."

"नंतर," मास्तर म्हणाले. डोक्यात दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

आठव्या दिवशी ते कामावर हजर.

"अहो, थोडं थांबायचं होतंत," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"घरात बसून भांडू कुणाशी?"

भांडणाची संधी महिन्याभरात आली. मालकांनी सगळी पुंजी एका जुन्या क्युबन मालात ओतली होती. तो घ्यायला तीन हॉटेलांचा एक मालक येणार होता, सोबत त्याची थोरली बहीण. तिने मान डोलावल्याशिवाय तो काडीपेटीसुद्धा घेत नसे. तुलनेसाठी तीन सिगारी, एक या मालातली आणि दोन दुसऱ्या, शेजारी शेजारी जळणार होत्या. मास्तरांच्या शब्दाला वजन होतं. माल भिकार आहे, एवढं म्हटलं की काम फत्ते.

आदल्या दिवशी त्यांनी त्यातली एक ओढून पाहिली. अठरा वर्षांत इतकी चांगली सिगार हाती आली नव्हती. कड पट्टीने आखल्यासारखी, राख पांढुरकी आणि घट्ट, चवीत आधी लाकूड, मग कोको, शेवटी चामडं. त्यांची वही वाचून बायको म्हणायची, "चामडं, लाकूड, माती... अहो, ही चव आहे की आपली अडगळीची खोली?" त्या वहीत त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं. मालकांवरच्या रागापायी आता ती बाटवायची?

मग त्यांनी फक्त एक खुर्ची हलवली. जुन्या मालातली सिगार बहीण जिथे बसून ओढणार होती, ती खुर्ची दाराला लागून ठेवली. काउंटरवरच्या बाईंना म्हणाले, "मी दार उघडलं की पुढचं दार सताड उघडा आणि मोठा पंखा लावा." बाईंनी कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण त्या खुर्चीत बसली. भाऊ पलीकडे, मालक भिंतीकडे टेबलामागे अडकलेले. तिची सिगार सुरेख जळत होती. राख बोटभर झाली. मालक खुलले. "बघा ताई, याला म्हणतात राख!"

मास्तर उठले, त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभे राहिले.

वारा घुसला. राख बहिणीच्या पांढऱ्या कपड्यांवर विखुरली. सिगार एका अंगाने भराभर पेटत गेली, दुसरं अंग तसंच राहिलं.

"दार! दार लावा!" मालक ओरडले. टेबल ढकलून त्यांना बाहेर येता येईना.

"घरून फोन आलाय का, ते बघतोय," मास्तर म्हणाले आणि तिथून हलले नाहीत.

बहिणीने झुरका घेतला, तोंड कडू केलं आणि सिगार चिरडली. "हा जुना माल? यापेक्षा चुलीतलं लाकूड बरं जळतं. ऊठ रे, जाऊ या."

"मास्तर, तुम्ही तरी सांगा त्यांना!" मालकांचा आवाज फाटला.

मास्तरांनी बाजूला सरून वाट करून दिली. पाहुणे गेले, तेव्हा मालक कसेबसे बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"धुळीला मिळवलंत मला."

"दार पाच मिनिटं उघडं राहिलं, मालक. काय फरक पडतो?"

वही टेबलावर टाकून ते घरी गेले. त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपले. पस्तावा नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही. मालकांनी दुकानाला कुलूप लावल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी चहा दुसऱ्यांदा गरम करून घेतला.

काकूंचं दार समोरच आहे, चार पावलांवर. ते दिवसभर उघडंच असतं.

ती शेवटी काय म्हणाली, हे काकूंना विचारायचं मास्तरांचं अजून राहिलं आहे.