‘सोड’ आणि ‘सोडलो’

मी पायडल बोलतोय, जीपच्या ब्रेकचं. बोलतोय खालून, तेव्हा जरा वाकून ऐकावं लागेल.

माझी जागाच अशी की माणसांची तोंडं मला दिसत नाहीत. दिसतात ती पावलं. पण त्यावरून माणूस बराच कळतो, हे तुम्हाला पटायचं नाही, कारण तुम्ही सगळे वरूनच बघता.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात, लढाईच्या धांदलीत झाला. पहिली काही वर्षं मी नुसते बूट पाहिले. ते मला दाबत नसत, तुडवत असत. लढाई संपली, बूट घरी गेले आणि आमची जीप नागपूरच्या लिलावात उभी राहिली. तिथून सागवानाच्या एका ठेकेदारानं तिला आलापल्लीला आणलं. ठेकेदाराचे करकरणारे जोडे माझ्यावर एकदाच आले. त्या दिवशी जीप ओंडक्यांच्या थप्पीवर चढली. तेव्हापासून ते जोडे मागच्या सीटवर बसतात.

मग आला देवाजी ड्रायव्हरचा पाय. टाचेला भेगा, करंगळीला काट्याचा जुना वण, पण निजलेल्या लेकराला थोपटावं तसा हलका पडायचा. माझे बरे दिवस तिथून सुरू झाले.

दिवाळी सरली आणि मंडईचे दिवस आले. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावोगावी जत्रा, दंडारीचे नाच-सोंगांचे खेळ आणि माहेरी आलेल्या लेकी. देवाजीचा धाकटा भाऊ इसरू, त्याचं लग्न उन्हाळ्यातच झालेलं. बायको मनकर्णा. तिचं माहेर चामोर्शीकडे, कोसमटोल्याला. तिचा भाऊ पत्रू यानं निरोप धाडला होता, “यंदा दंडारीत मी रानी हावो. तुहं लगनाचं हिरवं लुगडं घेऊन ये. नाई आली तं मी धोतरावर राज्य करीन.”

ठेकेदारानं जीप न्यायला हो म्हटलं. लुगड्याचं गाठोडं बांधून झालं. देवाजीनं सहज माझ्यावर पाय ठेवला, आणि मी सरळ तळाला गेलो!

काय सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पायडलानं कसं, थोडं खाली जावं आणि मग अडून बसावं. आमची सगळी अब्रू त्या अडण्यात असते.

मागच्या चाकातलं रबर फाटून तेल गळलं होतं. देवाजीनं नवं रबर घातलं, पण तेवढ्यात नळीत हवा शिरली. हवा मोठी नखरेल. दाबली की आक्रसते, सोडली की फुगते, आणि चाकापर्यंत जोर पोचूच देत नाही. तिला काढायची म्हणजे दोन माणसं लागतात. एकानं मला दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचं निपल, तो पोकळ स्क्रू, सैल करायचं, म्हणजे तिथं लावलेल्या रबरी नळीतून हवा बाटलीत बुडबुडत जाते. निपल पुन्हा आवळलं की मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला, तर बाहेरची हवा उलट आत!

देवाजी गाडीखाली आडवा झाला. इसरू माझ्यावर.

“दाब!”

“दाबलो.”

“धर… सोडलो!”

गाडीखालून आवाज अर्धाच वर यायचा. ‘सोडलो’मधला ‘लो’ चाकापाशीच अडकला आणि वर पोचलं ते ‘सोड’. इसरूनं पाय उचलला. नळीनं सुर्रकन हवा आत ओढली.

“अबे, सोडला काऊन?”

“तूच तं म्हनला सोड!”

“सोड नाई म्हनलो, सोडलो म्हनलो! म्या निपल सोडलो!”

“मंग मीबी पाय सोडलो!”

हे असं पुन्हापुन्हा झालं. दर वेळी थोडं तेल वाया. शेवटी डब्यात तळाशी उरलं तेवढंच. नवा डबा चांद्याहून यायचा, म्हणजे तोवर मंडई संपली असती. गाठोडं उराशी धरून मनकर्णा जीपजवळ उभी होती. तिची पावलं एकमेकांवर चढत होती, उतरत होती.

“इसरू, तुह्या पायात मुंग्या हायेत का बे?” देवाजी ओरडला. “उतर खाली. जेवढं तेल जाते तेवढं तू वरून वत. पायडलावर तुह्या घरवालीले बसव.”

आता इथं खरी गंमत. देवाजी तिचा भासरा, म्हणजे मोठा दीर. भासऱ्याशी धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. एका घरात राहून लग्नापासून दोघांत एक शब्द झालेला नव्हता. मीठ हवं असलं तरी ते इसरूमार्फत मागवलं जायचं.

मनकर्णा पदर नाकापर्यंत ओढून बसली. आणि माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा बाईचा पाय पडला. बोटांत गार जोडवी, कडेला माहुराची, म्हणजे अळत्याची, लाल रेघ. मी शहारलोच.

“इसरू, तिले म्हन दाब.”

“दाब वो.”

“त्याईले सांगा, दाबलं,” पदरातून आलं.

“दाबली म्हंते गा!”

“तिले म्हन, मी आता सोडतो.”

“तो म्हंते का सोड—”

मनकर्णाचा अंगठा थरकला. मी जीव मुठीत धरला. मला मूठ नाही, तरी धरला. पण पाय उठला नाही. आणि तिच्या ध्यानात आलं की नळीत हवा आहे ती आहेच, पण बोलण्यातही मधे एक बुडबुडा आहे, आणि तिनं त्याच्याशीच लग्न केलंय.

“तुमी नुसतं तेल वता,” ती नवऱ्याला म्हणाली. मग तिनं हातातला काचेचा चुडा स्टेअरिंगवर एकदा वाजवला. छन्न!

मग देवाजी चाकाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, “हे पाह्य चाका, चुडा वाजला म्हंजे दाबून धरलं. म्या पान्यानं एक ठोकलो तं धरूनच ठेवाचं. दोन ठोकलो तं सोडाचं. मी चाकाले सांगून राह्यलो. आनखी कोनाले नाई.”

चाकाला काय कळलं देव जाणे. मनकर्णाला सगळं कळलं.

छन्न. ठण्. बुडबुडबुड. ठण् ठण्! पाय वर. छन्न. ठण्. बुडबुड. ठण् ठण्! आमची अशी लय लागली की दंडार आलापल्लीतच सुरू झाली. इसरू डबा घेऊन डोलायला लागला.

“नाचू नको बे, तेल सांडन!”

चौथ्या चाकाशी बुडबुडे संपले आणि डब्यातलं तेलही. मनकर्णानं पुन्हा पाय दिला. मी थोडा खाली गेलो आणि अडलो! टणक, ताठ, खानदानी अडलो. पदराआडून ती खुदकन हसली.

आम्ही निघालो. चामोर्शीच्या अलीकडे एका नाल्याचा उतार आहे. तळाशी मंडईला निघालेल्यांचा छकडा रस्त्यात आडवा उभा. आणि देवाजी मान वळवून इसरूला ऐकवतोय, “पायडल कसं धराचं तं शीक आपल्या—”

“दाबा जी!”

मागून आवाज आला, खणखणीत. देवाजीचा पाय माझ्यावर पडला आणि मी जीव खाऊन अडलो. जीप थांबली तेव्हा छकड्याचा बैल बॉनेट हुंगत होता.

“हे कोन बोललं?” इसरू म्हणाला.

देवाजी समोर बघत म्हणाला, “गाडीले जबान फुटली वाटते.” त्याचं तोंड मला दिसलं नाही. पण पायाची बोटं माझ्यावर हसत होती.

कोसमटोल्यात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. ढोलकी वाजत होती. इसरू सांगतो, मिशी काढलेला, तोंडभर भुकटी फासलेला पत्रू धोतरात धावत आला. “आली गा, माही बहीन आली!” पण मनकर्णा जागची हलेना. भासऱ्यासमोरून सुनेनं उडी मारून कसं पळायचं? गाठोडं आवळून ती बसून राहिली.

देवाजीनं मागं पाहिलं नाही. खिशातला पाना काढला आणि जीपच्या पत्र्यावर ठोकला. ठण् ठण्.

मनकर्णानं उडीच मारली!

आता माझ्यावरचं रबर झिजलंय, मधोमध लोखंड चकाकतं. हल्ली इसरू माझ्यावर पाय ठेवून गाडी शिकतो आणि घरची बातमी सांगतो. भासरा-सून अजून बोलत नाहीत. ताटावर एक ठोका पडला की भात येतो, दोन पडले की वाढणं थांबतं. “मले कोनी इचारतच नाई,” तो म्हणतो. “माह्यातली हवाच काढली यायनं.”

तुम्हाला हात जोडून म्हणालो असतो, पण हात नाहीत. तेव्हा अडूनच सांगतो: खाली कोणी काम करत असेल, तर दोन ठोके ऐकल्याशिवाय पाय उचलू नका. आणि ऐकलेत, तर मग बसून राहू नका.