कोपऱ्यातलं मशीन

हार्ड डिस्क तळहातावर अजून कोमट होती, आणि ती कोमट आहे एवढंच तिच्या लक्षात येत राहिलं – पुढचं काही सुचेना. कोपऱ्यातल्या मशीनची ही तिसरी बिघडलेली. वाचनालयात लोकांसाठी मांडलेल्या संगणकांची देखभाल तिच्याकडे होती, आणि डिस्क टिकावी म्हणून सुचेल ते सगळं तिने करून पाहिलं होतं… पंख्यांतली धूळ काढली, वारा खेळावा म्हणून मशीनं भिंतीपासून पुढे ओढली, वीज गेली तरी एकदम बंद पडू नयेत म्हणून बॅटऱ्या जोडल्या. बाकीची मशीनं सुधारली. धक्क्याने न बिघडणाऱ्या नव्या जातीच्या डिस्क मागितल्या, तर उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू.

"अजून एकदा गेली तर ते मशीनच उचला तिथून," ग्रंथपालबाई सकाळी म्हणाल्या होत्या. रागाने नव्हे, त्यांनाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं होतं.

नवी डिस्क बसवून ती टेबलाखालीच वाकलेली असताना वर खुर्ची सरकली.

"झालं का गं सुरू?"

नकाशेवाले काका. उभं आयुष्य त्यांनी एका कचेरीत शहराचे नकाशे काढण्यात घालवलं होतं, आणि आता चालवत नाही म्हणून पडद्यावर, आकाशातून घेतलेल्या फोटोंमध्ये, तेच रस्ते ते माउसने फिरत – सावकाश, वळणावळणावर थांबत. तिचा हात कॅबिनेटवर होता, आणि त्या पत्र्याला टेकलेला काकांचा गुडघा थरथरत होता. कंपवात. सगळ्यांना ठाऊक होता, तिलाही. पण तो असा तळहातातून कोपरापर्यंत चढत आला तेव्हा तिला कळलं. आतली तबकडी गरगर फिरत असते, तिच्यावरून केसाएवढ्या अंतराने सुई सरकते… आणि रोज, तासन् तास, हा गुडघा.

लहानपणी एकाच टेबलाशी अभ्यासाला बसलं की भाऊ पाय हलवायचा, तिची अक्षरं वेडीवाकडी व्हायची, मग ती त्याच्या पावलावर पाऊल देऊन बसायची, चांगलं दुखेपर्यंत. तो हसायचा, थांबायचा. त्याला थांबता यायचं.

कॅबिनेट सोडवून तिने बाजूला वेगळ्या स्टुलावर ठेवलं, खाली रबराचा तुकडा सरकवला, मशीन सुरू करून पडद्यावर काकांचं शहर उघडलं. सुटलो, असं वाटलं – मी, काका, मशीन, सगळेच.

काका स्टुलाकडे बघत होते.

"माझ्या पायामुळे जात होतं होय?"

"छे हो काका. विजेचा काहीतरी घोळ आहे."

"मग हे का हलवलंस?"

विजेबद्दल आणखी काही सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही, पण ते तिच्या तोंडाकडे असे बघत होते की…

काकांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. पाय जरासा थांबला. आता हात थरथरू लागले. माउस तसाच पडून.

"हलू दे ना काका. आता मशीनला काही होत नाही."

"लोकांचं मशीन आहे गं," ते म्हणाले. "मला आधी सांगायचंस." आणि मग, पडद्यावरून नजर न काढता, "जरा डावीकडे घेतेस का?"

तिने खुर्ची ओढली, माउस हातात घेतला. रस्ता सरकला, छपरं सरकली, एक चौक आला नि निसटला.

"गेलं पुढे."

"मागे घेऊ?"

"राहू दे."

तिने तरी मागे घेतलं, पण कुठे थांबायचं ते कळेना. या छपरापाशी की त्या झाडापाशी, कुठल्या वळणावर ते इतका वेळ थांबत असत, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. काका मान हलवत होते, हो म्हणून की नाही म्हणून, की ती नुसती हलत होती… विचारायची सोय नव्हती. दोन माणसं संगणकासाठी ताटकळली होती. उद्या तिला असं बसता येणार नव्हतं, परवाही नाही. उद्या हे आलेच नाहीत तर बरं – मनात येऊन गेलं, अगदी सहज, आणि तिचं बोट माउसवर तसंच राहिलं. कारण येतील या धास्तीपेक्षा, न आल्यावर आपल्याला किती हलकं वाटेल, याचीच तिला आता भीती वाटू लागली होती.