खोडलेली उडी

“एकटा कागद बघून कुणाला बोल लावू नकोस, बाळ. आधी गठ्ठा फडफडवून बघ, मग तोंड उघड.” चित्रकलेच्या बाईंचा हा आवाज मुंगीच्या कानात कायमचा मुक्कामाला होता. पण कानात असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

मुंगी हे तिचं वर्गातलं नाव. सारखी काहीतरी उचलून नेत असायची, म्हणून. शेवटच्या वर्षाच्या ॲनिमेशनपटाचं दिग्दर्शन पहिल्यांदाच तिच्याकडे आलं, तेव्हा तिने आख्खा डोंगर डोक्यावर घेतला. गोष्ट एवढीशीच होती. एका मुलीची सावली तिला सोडून निघून जाते, आणि मुलगी तिच्यामागे गच्चीवरून थेट ढगावर उडी मारते. टोपणनावं वर्गात सगळ्यांनाच होती. घरं, आभाळ रंगारी रंगवणार, आवाज कानसेन जमवणार आणि उडी काढणार भिंगरी. भिंगरी म्हणजे मुंगीची जिवाभावाची मैत्रीण. खुर्चीत बसली तरी वाहत्या पाण्यात बसल्यासारखी हलत राहणारी. सिनेमाचा सगळा जीव त्या उडीत होता. ती जमली तर सगळं जमलं.

सुट्टीच्या दिवशी मुंगी एकटीच स्टुडिओत आली. खिडकीच्या काचांवर दुपार सायीसारखी धरली होती. खालून दिवा लावलेल्या उजेडाच्या टेबलावर तिने भिंगरीचे कागद एकेक करून ठेवले आणि चष्मा पुसून पुन्हा बघितले. एका कागदावर मुलीचा हात च्युइंगमसारखा लांबलेला. दुसऱ्यावर नाक दोन ठिकाणी. तिसऱ्यावर पाय आहेत की धूर, कळेना.

‘काय ही भुताटकी! लोक म्हणतील, दिग्दर्शिकेला डोळे आहेत की बटणं?’

भिंगरीला चारचौघांत ओशाळं वाटू नये, अशी स्वतःची समजूत घालून ती गपचूप खोडायला बसली. कागद वाया जाऊ नयेत म्हणून त्याच कागदांवर. हात मापात आणला, नाक जागेवर बसवलं, धुराचे पाय केले. रबराचा भुगा फुंकताना तिला हातून पुण्य घडल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे पडद्यासमोर जमले. कागदांचे फोटो एकापाठोपाठ एक धावले. मुलगी कठड्याशी आली, उचलली गेली आणि ढगावर ठेवली गेली.

“ही उडी मारतेय की कुणी कपाट सरकवतंय?” कानसेन म्हणाला. “चाकांचा आवाज देऊ का?”

रंगारी खो खो हसला. भिंगरी हसली नाही. तिने गठ्ठा उचलला आणि एक कागद उजेडाला धरला. खोडलेल्या रेषांचे फिकट व्रण त्यावर अजून होते.

“कुणी केलं हे?”

“मी. अगं, हात केवढा लांब झाला होता, नाकं दोन...”

“फडफडवून बघितलेस कागद?”

मुंगीच्या कानात बाईंचा आवाज आला, पण वरातीमागून घोडं यावं तसा. एकेकटे बघितले तर वेडेवाकडे असे ते कागद झरझर धावले असते, तर दोन नाकं कुणाच्या नजरेतच आली नसती. दिसला असता फक्त वारा.

“छान केलंस,” भिंगरी हळूच म्हणाली. “आता सगळं तूच कर.” कंपासपेटी मिटल्याचा तेवढा आवाज झाला.

संध्याकाळी मुंगी भिंगरीच्या दारात उभी होती. भिंगरीच्या आईने दार उघडलं.

“ये गं बाई. आमची कार्टी दुपारपासून एका जागी बसून होती. मला वाटलं, ताप आला! आता गेलीय गच्चीवर.”

गच्चीवर चादरी फुगत होत्या, आत कुणी श्वास घेत असल्यासारख्या. मुंगी त्यातल्याच एका चादरीला म्हणाली, “भिंगरे, चुकलं माझं. पुन्हा काढ म्हणायला नाही आले. म्हणजे, आलेय. पण आधी हे सांगायला आले.”

“ते टोक धर,” चादरीमागून उत्तर आलं.

दोघी घडी घालू लागल्या. लांब गेल्या, जवळ आल्या. बोटांना बोटं लागली तेव्हा भिंगरी म्हणाली, “मला ती उडी तशी पुन्हा येणार नाही. धाकट्या बहिणीला उडी मारताना बघून काढली होती. ती गेली मामाकडे. सिनेमा दाखवायच्या दिवसापर्यंत काही येत नाही.”

“मग?”

“मग दुसऱ्या कुणीतरी मारायला हवी. तू मार.”

“मी? अगं, मी दोरीवरच्यासुद्धा उड्या मारल्या नाहीत कधी. तोंडावर आपटेन!”

“आपट. तेव्हा तरी हात लांब होतील तुझे.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. कानसेन चाकं लावून देईल.”

मुंगीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले.

“आणि मी जे काढीन,” भिंगरी म्हणाली, “त्याला रबर लावायचं नाही.”

“नाही लावणार. वचन.”

“कशाचं? रबराचं की उडीचं?”

“दोन्हीचं.”

सकाळी स्टुडिओमागच्या अंगणात दहिवर पडलं होतं. बुटक्या भिंतीपलीकडे, ढगाच्या जागी, वाळक्या पानांचा ढीग होता. भिंगरी मांडीवर कागद घेऊन बसली होती. बाकीचे दोघे पायरीवर. मुंगीने चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या, मग काय वाटलं कोण जाणे, एक चप्पल पायानेच वाकडी केली. चष्मा काढून तिने रंगाऱ्याच्या हातात दिला. भिंत, झाडं, माणसं एकमेकांत विरघळली. एक हात पुढे करून, थंड दगड चाचपत, ती भिंतीवर चढू लागली.