भासरे लाईव्हवर आले तेव्हा

सकाळी पावणेसात वाजता पातूरमधल्या एका गच्चीवर मैनाबाईंनी चिकाच्या गंजातला लाकडी चाटू सोडला, डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि मोबाईलकडे पाठ केली. गंजाखाली, त्या मोठ्या पातेल्याखाली, जाळ चालू होता. कुरडयांचा चीक शिजताना हात थांबला की तो बुडाला धरतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. तसंच झालं, गंजभर चीक वाया गेला. एप्रिल २०१८ मधल्या या रविवारी शंभरेक माणसं फेसबुकवर हे सारं थेट पाहत होती.

मोबाईल धरला होता मैनाबाईंची सून रागिणी हिने. आदल्या हंगामातला कापूस बोंडअळीने खाल्ल्यावर तिचा नवरा नितेश अकोल्यात एका दुकानात कामाला लागला होता आणि इकडे तिने 'वऱ्हाडी वाळवण' नावाचं पेज उघडलं होतं. कुरडया सासूच्या, शेवया शेजारच्या कुलसुमबींच्या, फोटो आणि मजकूर रागिणीचा. पेज नऊशे लोकांवर येऊन अडकलं. त्यांतले बहुतेक नात्यातले होते. ते फोटोला अंगठा देत आणि कुरडया घरच्याच खात.

म्हणून रागिणी अमरावतीला एका दिवसाच्या शिबिराला जाऊन आली. तिथे शिकवणाऱ्याने सांगितलं की पदार्थाचे फोटो सगळेच टाकतात, तुम्ही काम चालू असताना दाखवा. लाईव्ह करा, आणि जो कोणी पाहायला येईल त्याचं नाव मोठ्याने वाचा. आपलं नाव ऐकलं की माणूस थांबतो.

कॅमेऱ्यासमोर बसायला मैनाबाईंची हरकत नव्हती. पाहणारे सगळे परके, त्यांच्यापुढे लाजायचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवात चांगली झाली. अकोटच्या कुणी ताई आल्या, नागपूरचे कुणी दादा आले, रागिणी नावं वाचत गेली. त्याच सुरात तिने पुढचं नाव वाचलं, "मोठे मामाजी आले. नमस्कार मामाजी."

मोठे मामाजी म्हणजे पुंजाराम, मैनाबाईंचे भासरे. मैनाबाईंचे यजमान चंद्रभान वारले होते, त्यांचे हे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून मैनाबाई त्यांच्यापुढे उघड्या डोक्याने कधी गेल्या नव्हत्या. ते अंगणात येऊन खोकत, मैनाबाई डोक्यावर पदर घेऊन आत जात, आणि मग ते खाटेवर बसत. चीक घाटताना मात्र मैनाबाईंचा पदर कमरेला खोचलेला असे.

गोंधळात रागिणीला लाईव्ह बंद करायचं सुचलं नाही. त्यामुळे पाठमोऱ्या मैनाबाई दिसल्या, वाफाळता गंज दिसला आणि पाटावर शेवया करत बसलेल्या कुलसुमबींचा आवाज ऐकू आला, "अगं मैना, तुहा भासरा काय गंजातून निघून राह्यला का? चाटू धर!"

पदर ओढल्यापासूनचा एवढाच तुकडा संध्याकाळपर्यंत गावोगाव पोहोचला. बुधवारी पेजवर चाळीस हजार माणसं होती. सुरत, पुणे, हैदराबादहून कुरडयांची मागणी आली. आमची आईही असंच करायची, असं बऱ्याच जणांनी लिहिलं. काहींनी हसून घेतलं, आणि बाई अजून कोणत्या जमान्यात राहते, असंही कुणी विचारलं. नितेशने अकोल्याहून फोन करून बजावलं की अशी गोष्ट पुन्हा चालून येत नाही, आता थांबू नकोस. शिबिरवाल्याचा निरोप आला की येत्या रविवारी हेच पुन्हा करा आणि भासऱ्यांना आवर्जून बोलवा. भासऱ्यांचं काही रागिणीने लिहिलं नाही. पण रविवारी सकाळी साडेसहाला पुन्हा भेटू, एवढं पेजवर टाकून दिलं. सासूला विचारायचं राहिलं.

मैनाबाई गुरुवारी भाजी आणायला गेल्या. भाजीवालीने त्यांना ओळखलं, आपल्याच डोक्यावर पदर ओढून दाखवला आणि हसली. शेजारच्या दोघीही हसल्या. मैनाबाई भाजी न घेताच परतल्या. संध्याकाळी रागिणीला जवळ बोलावून म्हणाल्या, "ते पुसून टाक. पुसलं की मी चिकाले हात लावतो. तोवर नाई."

रागिणीने स्वतः थोडा चीक शिजवून पाहिला. कुलसुमबींनी बोटाने चाखला आणि ताटली तिच्याकडे परत सरकवली. मैनाबाईंशिवाय कुरडई नव्हती, आणि तो तुकडा काढला तर आलेली माणसं टिकतील की नाही, हे रागिणीला सांगता येत नव्हतं. त्यांतल्या बहुतेकांनी पेजवर दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

तोड कुलसुमबींनी काढली. भासऱ्यालाच राग नसेल तर मैनाचाही राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. शुक्रवारी त्या आणि रागिणी बसने पुंजाराम यांच्या गावी गेल्या. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी सुनेकडून चहा मागवला, कुलसुमबींच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग रागिणीकडे वळले.

"पोरी, म्या तं चुपचाप पाहून राह्यलो होतो. तू नाव कावून घेतलं माहं?"

रागिणीने शिबिरात तसं शिकवल्याचं सांगितलं.

"शिकवनाराले भासरा नसन," पुंजाराम म्हणाले. "अंगनात आलो तं खोकतो मी. तुह्या फोनात कसा खोकू?"

कुलसुमबी पदराआड हसल्या. राग आहे का, असं रागिणीने विचारलं. नाही म्हणाले. उलट गावातल्या लोकांना त्यांनी तो तुकडा स्वतःच दाखवला होता. भावजयीने आपला मान राखला, हे चारचौघांनी पाहिलं, त्यात वाईट काय, असं त्यांना वाटत होतं. मग राहू देऊ का, असं रागिणीने विचारलं.

"मले कायले इचारतं? डोकं कोनाचं उघडं होतं?"

घरी येऊन रागिणीने सगळं सासूच्या कानावर घातलं. भासऱ्यांना राग नाही, हेही सांगितलं. मैनाबाईंनी ऐकून घेतलं. चहा पाजला का त्याईनं, एवढं विचारलं. आणि मग, "पुसलं का?"

शनिवारी दुपारी रागिणीने तो तुकडा काढून टाकला. नितेशला आधी सांगितलं नाही. रिकामी झालेली जागा तिने सासूला दाखवली. मैनाबाईंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उठून भिजलेला गहू वाटायला घेतला. संध्याकाळी चीक गाळून निवळत ठेवला.

दिवेलागणीला कुलसुमबींची सून नगमा तिचा मोबाईल घेऊन आली. तोच तुकडा दुसऱ्याच कुणाच्या पेजवर होता. मागे गाणं जोडलेलं होतं आणि पाहणाऱ्यांचा आकडा लाखांत गेला होता. शोधलं तेव्हा आणखी तीन ठिकाणी सापडला. रागिणीने चौघांनाही काढून टाकण्याची विनंती लिहिली. एकाने हसणारं चित्र पाठवलं. बाकीच्यांनी वाचलं, उत्तर दिलं नाही. मैनाबाई तेव्हा खाली न्हाणीत होत्या.

रविवारी सकाळी सव्वासहाला मैनाबाईंनी गच्चीवर चिकावरचं पाणी ओतून दिलं आणि चूल पेटवली. कुलसुमबी शेवयांचा पाट घेऊन बसल्या. पेजवर हजाराहून जास्त माणसं लाईव्हची वाट पाहत होती. रागिणी मोबाईल हातात घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. बाकीच्या चार ठिकाणांबद्दल तिने सासूला अजून सांगितलेलं नव्हतं.