सेल्मर ब्रेक्केची जोडी

सेल्मर ब्रेक्केच्या एकुलत्या एका मुलीचं, मारितचं लग्न झालं ते साल १९७७. मे महिना होता. चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती, मधल्या टेबलावर केक कापायचा राहिला होता, आणि मुलीचा बाप स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनला कान लावून उभा होता. भांडी विसळणाऱ्या बायकांनी नळ बारीक केला होता. त्यांनाही ऐकायचं होतं.

फोन राजधानीहून आला होता. मार्टिन ड्वायर बोलत होता. सेल्मर राज्याच्या सिनेटचा सभासद, आणि ड्वायर त्याच्या पक्षाचा तिथला गटनेता, पेशानं वकील, सेल्मरपेक्षा वीस वर्षांनी लहान. सोमवारी दुपारी राज्याचा अर्थसंकल्प मतदानाला येणार होता. सिनेटच्या जागा एकोणपन्नास. सभागृहात किती का हजर असेनात, अर्थसंकल्पाला पंचवीस मतं पडलीच पाहिजेत असा तिथला कायदा, आणि पक्षाची माणसं मोजून पंचवीस. पेट्रोलवरचा कर वाढणार होता, शाळांना पैसे मिळणार होते, दोन सरकारी मनोरुग्णालयं बंद होणार होती. पुढच्या वर्षी निवडणूक. जो तो घाबरलेला होता, म्हणून ड्वायर एकेकाला फोन करून हो म्हणवून घेत होता.

"माझी ऑगस्ट रीमरशी जोडी आहे," सेल्मर म्हणाला.

 पलीकडे ड्वायर हसला. "अहो, जोडी साध्यासुध्या विधेयकांना. बजेटला कोण धरतं?"

"मी 'बजेट सोडून' असं म्हटलं नव्हतं."

"म्हणायचं असतं, सेल्मर. सगळे म्हणतात."

"माझ्याकडून राहिलं."

जोडी ही तिथली जुनी रीत. एका पक्षाचा माणूस अंथरुणाला खिळला, की दुसऱ्या पक्षाचा कुणीतरी त्याच्याशी जोडी लावायचा. आजारी माणूस येऊ शकत नाही, म्हणून धडधाकट माणूस सभागृहात बसूनही मत देत नाही. तोल होता तसाच राहतो आणि आजाऱ्याला दवाखान्यात स्वस्थ झोप लागते. त्याला सही नाही, साक्षीदार नाही. शब्द दिला की झालं, आणि ज्याला दिला त्यानंच देणाऱ्याला त्यातून मोकळं करायचं. मात्र अर्थसंकल्पाला ठरलेली पंचवीस मतं लागत असल्यामुळे तिथं जोडीचा तोल साधत नसे. गैरहजर माणूस आपोआपच विरोधात धरला जाई, आणि वर त्याच्या जोडीदाराचंही मत बुडे. म्हणून शहाणी माणसं शब्द देतानाच म्हणायची, बजेट सोडून.

सेल्मर चौदा वर्षं निवडून येत होता, त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मार्चमध्ये तो ऑगस्टला बघायला गेला तेव्हा ऑगस्टच्या पोटातल्या गाठीचा निकाल नुकताच आला होता. ऑगस्टनं विचारलं, "सगळ्यावर?" आणि सेल्मर म्हणाला, "सगळ्यावर." त्या खोलीत दुसरं काही म्हणवलं नाही.

सेल्मर दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. ऑगस्ट शेजारच्या काउंटीतला धान्याचा व्यापारी, विरोधी पक्षाचा. अधिवेशनाच्या दिवसांत दर सोमवारी दोघं ऑगस्टच्या गाडीतून राजधानीला जायचे आणि वाटभर भांडायचे. सेल्मरची बायको अ‍ॅग्नेस वारली त्यानंतरच्या हिवाळ्यात ऑगस्ट एकटाच बोलत राहायचा, सेल्मर खिडकीतून बर्फ बघायचा. ऑगस्टनं एकदाही विचारलं नाही, बोलत का नाहीस म्हणून. या वर्षी सेल्मर स्वतःच्या ट्रकमधून एकटाच जात होता. रेडिओ लावायचा आणि थोड्या वेळानं बंद करायचा.

ड्वायरनं फोनवर शेवटी एवढंच सांगितलं, की आजच जा आणि सोडवून घ्या. सेल्मरनं डोक्यावर टोपी ठेवली. मारित पांढऱ्या कपड्यांत दारापर्यंत आली.

"बाबा, केक तरी कापू द्या."

तो म्हणाला, सोमवारचं मत आहे. ती म्हणाली, आई गेली तेव्हाही मतच होतं. हे खरंच होतं. तिचा नवरा रॉय मागे उभा होता. व्हिएतनामहून परत आल्यापासून तो गावाजवळच्या मनोरुग्णालयात नोकरीला होता, बंद होणाऱ्या दोहोंपैकी एकात. त्यानं सासऱ्याशी हात मिळवला आणि डोळे दुसरीकडे वळवले.

दवाखान्यात ऑगस्ट उशांना टेकून बसला होता. चेहरा मेणासारखा पिवळा, पण जीभ शाबूत.

"काय हा कोट. मेल्यासारखा दिसतोस. ते काम माझं आहे, तू कशाला करतोस?"

सेल्मरनं लग्नाचं सांगितलं. नवरीचा बाप पहिल्यांदाच पळून गेलेला ऐकला, असं ऑगस्ट म्हणाला. मग सेल्मरनं ज्यासाठी आला होता ते सांगितलं. चूक आपलीच, आपण बजेट वगळायला हवं होतं, हेही सांगितलं. शाळांबद्दल बोलला. त्याच्या काउंटीतल्या तीन शाळांची छपरं गळत होती, आणि शिक्षक बाकडी ओढून कोरड्या कोपऱ्यात मुलांना शिकवत होते.

ऑगस्टनं सगळं ऐकून घेतलं. "त्यातच तुझं मनोरुग्णालयही बंद होतंय. जावई तिथंच ना? मी नाही सोडलं तर तुझ्यावर उपकारच होतील."

"तेच नकोय मला."

"ठाऊक आहे."

"तुझ्या पक्षानं सांगितलंय का, सोडू नकोस म्हणून?"

"सांगितलंय. नसतं सांगितलं तरी सोडलं नसतं." तो थांबला. श्वास घ्यायलाच त्याला वेळ लागत होता. "माझी पोरं धान्याचं गोदाम विकतायत. मला विचारत नाहीत. खायला काय, ते नर्स ठरवते. खिडकी उघडायची की नाही तेही तीच. एवढं एकच उरलंय बघ, जे मी नाही म्हटलं तर कुठंतरी काहीतरी अडतं. सोड म्हणू नकोस, सेल्मर."

सेल्मरनं पुन्हा म्हटलं नाही. लग्नाच्या कोटातच तो अंधार पडेपर्यंत तिथं बसला. 

सोमवारी सकाळी ड्वायरच्या खोलीत पंधरावीस जण जमले होते. कुणी गोडीनं सांगितलं, कुणी दमात घेतलं. तुमच्याकडच्या रस्त्याचं काम कायमचं मागे पडेल, असं एकानं सुचवलं. मरणाऱ्या माणसाला काही कळायचं नाही, असं दुसरा म्हणाला. सेल्मर खाली बघून म्हणाला, कळायचा प्रश्न नाही. कोपऱ्यातून कुणीतरी बोललं, म्हातारा भलताच बेरकी, जावयाची नोकरीही राखतो आणि अंगावर शिंतोडाही उडू देत नाही. दोघंतिघं हसले. ते सेल्मरला लागलं, कारण बाहेर सगळे असंच म्हणणार हे त्याला तेव्हाच उमगलं.

दुपारी मतदान झालं. जोडी असलेल्या माणसानं उभं राहून बोलायची रीत होती. सेल्मर उठला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"माझी सिनेटर रीमर यांच्याशी जोडी आहे. ते इथं असते तर नाही म्हणाले असते. मी मोकळा असतो तर हो म्हणालो असतो. मी मत देत नाही."

तो खाली बसला. भिंतीवरच्या फलकावर नावांपुढे दिवे लागत गेले. हिरवे चोवीस, तांबडे तेवीस, दोन नावांपुढे काहीच नाही. अर्थसंकल्प एका मतानं पडला. पलीकडच्या बाजूचे काही जण त्याचा हात हातात घ्यायला आले. त्यानं हात खिशात घातले.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीच्या तळघरातल्या खाणावळीत तो बसेल ते टेबल रिकामं राहू लागलं. दूधधंद्याच्या समितीचं अध्यक्षपद गेलं. ते त्याला ड्वायरनं सांगितलं नाही, टायपिंग करणाऱ्या बाईनं सांगितलं, तेही तो दुसऱ्याच कामासाठी तिच्याकडे गेला असताना.

गावी मात्र उलटं. न्हाव्यानं दुकानात सगळ्यांसमोर त्याला खुर्चीवर बसवलं आणि आरशातून डोळा मारला. "'मोकळा असतो तर हो म्हणालो असतो.' वा, सिनेटर. म्हणायला काय जातं?" बाकावर बसलेले हसले, आपुलकीनंच हसले. रुग्णालयातल्या नोकरांच्या संघटनेनं त्याच्या दारात फुलांची कुंडी ठेवली. दहा वर्षांत त्याला एवढं प्रेम मिळालं नव्हतं, आणि त्यातलं कणभरही त्याचं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला मारित एका संध्याकाळी आली, भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्यांचं पातेलं घेऊन. लग्नाच्या दिवसाचा राग तिच्या बोलण्यात राहिला नव्हता. तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, रॉयला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून मीच आले. आम्ही घराला विसार दिलाय. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते आम्ही विसरणार नाही.

सेल्मरनं काटा खाली ठेवला. गप्प राहिला असता तर कुणाचंच नुकसान नव्हतं. त्याला रविवारी जेवायला बोलावलं असतं, पुढं नातवंडं अंगाखांद्यावर खेळली असती.

"मी हो म्हणणार होतो, मारित."

ती हसली. "ते तुम्ही तिथं बोललातच की. पेपरात आलं होतं."

"ते खरं होतं. ऑगस्टनं सोडलं असतं तर मी हिरवं बटण दाबलं असतं. रॉयची नोकरी गेली असती, हे मला ठाऊक होतं."

बराच वेळ ती टेबलावरच्या कापडाची कड सरळ करत राहिली.

"आणि आता पुन्हा मतदान आलं तर?"

"तर हो."

"मी त्याला काय सांगू?"

"खरं तेच सांग."

ती उठली. दारात क्षणभर थांबली, पण वळली नाही. पातेलं मागेच राहिलं. सेल्मरनं ते तीन दिवस खाल्लं, घासून ओट्यावर पालथं घातलं. न्यायला कुणी आलं नाही.

ऑगस्ट गेला त्या सकाळी नर्सचा फोन आला आणि तासाभरानं ड्वायरचा. ड्वायरनं आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, जोडी सुटली. सोमवारी दुपारी पुन्हा मतदान घेतोय, महिनाअखेरीच्या आत झालं नाही तर राज्याच्या तिजोरीला टाळं लागेल. ऑगस्टला सोमवारीच अकरा वाजता पुरणार होते, राजधानीपासून दीडशे मैलांवर. सेल्मरनं मतदान मंगळवारी घेता येईल का असं विचारलं. ड्वायर म्हणाला, एक दिवस म्हणजे चार माणसं फुटायला एक दिवस, आणि तुमच्यावर मी एकदा भरवसा ठेवून बघितला आहे.

सोमवारी अकरा वाजता सेल्मर राजधानीतल्या भाड्याच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून होता, कोट घालून. दुपारी त्यानं हिरवं बटण दाबलं. पंचवीस मतं झाली. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर गेले. सभागृह रिकामं झालं तेव्हा तो मधली वाट ओलांडून पलीकडे गेला. तिथल्या रीतीप्रमाणे ऑगस्टच्या बाकावर काळं कापड आणि फुलं ठेवली होती. सेल्मर त्याच्या खुर्चीत बसला. चौदा वर्षांत तो या बाजूला कधी बसला नव्हता. सभागृह झोपेत गेलं की ऑगस्ट त्याला सांगायचा, माझ्या जागेवरून तू जांभया देतोस ते दिसतं. तिथून सेल्मरचं बाक दिसत नव्हतं. मध्ये खांब येत होता.

मनोरुग्णालय ऑक्टोबरात बंद झालं. रॉय आणि मारित ऑरेगॉनला गेले, तिकडे लाकडाच्या कारखान्यात काम होतं. पुढच्या वर्षी सेल्मरला त्याच्या पक्षानं उमेदवारी दिली नाही आणि तो पुन्हा यंत्रं दुरुस्त करू लागला.

ऑगस्ट रीमर १६ जून १९७७ रोजी, गुरुवारी पहाटे वारला. सेल्मर ब्रेक्के १९८८ साली ९ फेब्रुवारीला वारला. जमीन गोठलेली होती, म्हणून त्याला पुरायला एप्रिल उजाडला. मारित तेव्हा आली.